बिराजदार मॅडमचा फळा

आमच्या विभागात दोन गोष्टी कुणी न मागता साठतात, खडूची धूळ आणि किस्से. धूळ इरण्णा मामा रोज सकाळी फडक्यानं झटकतात. किस्से झटकायला कुणी नाही. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची दाराजवळ आणि मला गप्प बसण्याची सवय नाही, त्यामुळे ते सगळे माझ्याकडेच जमा होत गेले. पाच वर्षांत इतके झाले की आता सांगून थोडे कमी करावेत म्हणतो.

विभाग म्हणजे सोलापुरातल्या एका कॉलेजचा जनसंवाद विभाग. मुलं 'मास कॉम' म्हणतात, रिक्षावाले 'टीव्हीचं कॉलेज' म्हणतात. दोन वर्षांचा एम. ए. आहे. अनुदान नाही, मुलांच्या फीवर सगळा संसार. संस्थेनं बजावून ठेवलंय, पहिल्या वर्षाला पंधरा प्रवेश झाले पाहिजेत, नाहीतर कोर्स बंद. मी इथं तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हवा खायची. तेव्हा हा पंधराचा आकडा म्हणजे माझं जेवणखाण.

आणि आमच्या विभागप्रमुख बिराजदार मॅडम मात्र आलेला प्रवेश परत पाठवायच्या तयारीत बसलेल्या असतात.

त्यांची एक पद्धत आहे. मुलगा किंवा मुलगी फॉर्म घ्यायला आली की मॅडम आधी आईवडिलांसकट वर्गात नेतात, बाकावर बसवतात आणि फळ्यावर हिशोब मांडतात. डावीकडे जाणारे पैसे. दोन वर्षांची फी ऐंशी हजार. गावाकडचं पोर असेल तर खोली आणि मेस शहाण्णव हजार. लॅपटॉप, येणंजाणं, किरकोळ चौतीस हजार. एकूण दोन लाख दहा हजार. कर्ज काढलं तर हप्ता साडेचार हजार, पाच वर्षं. उजवीकडे येणारे पैसे. पहिला पगार बारा हजार. त्यातून हप्ता आणि खोलीभाडं वजा जाता हातात साडेतीन हजार. मग त्या खडू खाली ठेवतात आणि म्हणतात, "यात तुम्हाला जगायचंय. घरी जा, जेवा, झोपा. सकाळी पटलं तर या."

इतर कॉलेजं ऑफिसात बसवून चहा पाजतात हो. आम्ही असं घरी पाठवतो.

* * *

पहिला किस्सा माझाच आहे, म्हणून आधी उरकून टाकतो.

नोकरीचा दुसराच दिवस होता. मॅडमनी मला वर्गात बोलावलं. मी केस नीट करून गेलो, म्हटलं पालकांशी ओळख करून देतील. दिलीच.

"हे माने सर," मॅडम म्हणाल्या. "डिग्री हीच. आपल्याच कॉलेजची. सर, आधीच्या कॉलेजात महिन्याला साधारण किती तास मिळायचे तुम्हाला?"

"चौतीस," मी अभिमानानं सांगितलं.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, चौतीस गुणिले साडेतीनशे, अकरा हजार नऊशे. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "हप्ता अजून चालू आहे ना?"

"आहे."

तोही लिहिला. मग मे महिना लिहिला आणि त्याच्यापुढे शून्य. मी तिथंच उभा, नव्या शर्टात, फळ्यावरचा नमुना म्हणून. पालक बराच वेळ एकदा फळ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जेवून जावा सर घरी एकदा."

त्यांच्या पोरानं प्रवेश घेतला नाही. मला मात्र त्यांच्याकडून अजून संक्रांतीला फोन येतो.

* * *

पुढच्या वर्षी मी आणि इरण्णा मामांनी कट केला. मामा आमचे शिपाई, अक्कलकोटकडचे, रागावले की कानडीत बोलतात. कोर्स बंद पडला तर त्यांची बदली संस्थेच्या लांबच्या शाळेवर होणार होती. तेव्हा त्या दिवशी एक पालक येताना दिसल्याबरोबर मामांनी विभागातले सगळे खडू गोळा केले आणि पाण्याच्या टाकीमागं लपवले.

मॅडमनी खण उघडला, कपाट उघडलं. मग शांतपणे स्वतःचा डबा काढला. झाकणात भाजलेले शेंगदाणे होते. त्यांनी टेबलावर ते मांडायला सुरुवात केली. "एक दाणा म्हणजे दहा हजार," त्या म्हणाल्या. आठ फीचे. मग मेसचे. मग लॅपटॉपचे. समोरचे गृहस्थ मंद्रूपच्या बाजारात धान्याचा व्यापार करणारे, त्यांना फळ्यापेक्षा हे लवकर कळलं. ते पुढं सरकून बसले.

मी बाजूला उभा होतो. काळजीत असलो की माझा हात खाण्याकडे जातो, हा माझा जुना दोष.

एकवीस व्हायला हवे होते, मोजले तर सतरा भरले. मॅडमनी पुन्हा मोजले, पुन्हा सतरा. मग त्यांनी मान वर केली.

"माने सर, तुम्ही चाळीस हजार खाल्लेत."

व्यापारी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पोराला म्हणाले, "घे रं प्रवेश. हितं खाल्लेलं लगेच सांगतेत." तो त्या वर्षीचा पंधरावा प्रवेश होता. मामांनी टाकीमागचे खडू काढले तर ते ओले होऊन गेलेले. नवा डबा मी माझ्या खिशातून आणला.

* * *

आता श्रावणीच्या आईचं सांगतो. हे सांगताना मला अजून नीट बसावं लागतं.

श्रावणीची आई बिडी वळते. पूर्व भागातलं तेलुगू घर, वडील नाहीत, थोरला भाऊ कारखान्यात टॉवेल विणतो. आई मुलीबरोबर आली ती तंबाखूच्या वासासकट. मॅडमनी हिशोब मांडला. मुलगी घरूनच येणार, म्हणून खोली नाही, मेस नाही. फी, बाकीचं आणि रोजच्या बसचे वरचे सहा हजार मिळून एक लाख वीस हजार.

त्या बाईंनी फळा बघितला आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्ये मला बिडीत सांगा की."

मॅडम पहिल्यांदा थांबल्या. "हजार बिडीचे हातात किती येतात?"

"दोनशे धरा."

मॅडमनी भागाकार केला. सहा लाख बिड्या.

"दिवसाला हजार वळते मी," बाई म्हणाल्या. "म्हंजे सहाशे दिवस." त्यांनी बोटांवर रविवार मोजले, सण मोजले, सुनेच्या बाळंतपणाचे दिवसही मोजले. "दोन वर्सं. कोर्स किती वर्साचा म्हनलात?"

"दोन."

"मग बरोबर बसतंय. ही हितं शिकंल, मी तितं वळंन. दोगी संगंच मोकळ्या हुतो. कर्ज कशाला?"

"आणि घरचं?" मॅडमनी विचारलं.

"त्ये पोराच्या पगारावर चाललंच हाय की."

मॅडम डस्टर घेऊन उभ्या राहिल्या. कर्जाची ओळ पुसली, हप्त्याची पुसली, व्याजाची पुसली. अर्धा फळा मोकळा झाला. माझी पाच वर्षं ज्या ओळीत अडकली होती ती त्या बाईंनी बोटांवर मोजून काढून टाकली. मला तेव्हा मोठ्यानं काहीतरी बोलावंसं वाटत होतं. मी फक्त श्रावणीचा फॉर्म भरून दिला.

* * *

एकदा जुळे सोलापुरातून एका बँकेतले अधिकारी आले होते, मुलासाठी. त्यांनी फळा शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, मी एकोणीस वर्षं कर्जं देतोय. हे असं मी एकालाही सांगितलेलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कुणी विचारलं नसेल."

"तुम्हालाही कुणी विचारत नाही," ते म्हणाले. 

* * *

जाहिरातीचा किस्सा छोटा आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रॅक्टिकल म्हणून आपल्याच विभागाची जाहिरात करायला दिली. आमच्या ट्रायपॉडचा एक पाय सुतळीनं बांधलेला, त्यामुळे सगळ्या जाहिरातींमध्ये सोलापूर जरा डावीकडे कललेलं दिसतं. कुणी 'शंभर टक्के नोकरी' म्हटलं, कुणी 'कॅमेऱ्याच्या जगात झेप' घेतली. मॅडमनी सगळ्यांना नापास केलं.

फक्त श्रावणी पास झाली. तिच्या जाहिरातीत एवढंच होतं. रिकामा फळा, खडू धरलेला मॅडमचा हात, आणि आवाज, "या. आधी हिशोब बघा." ती जाहिरात आम्ही केबलवर दिली. त्या वर्षी ती बघून नऊ जणांनी चौकशी केली आणि सात जण हिशोब बघून परत गेले. मी मॅडमना म्हटलं, जाहिरात फारच चांगली झाली. त्यांना टोमणा कळला, पण त्या हसल्या नाहीत. त्या वर्षी तेरावर गाडी अडली, आणि संस्थेनं हे सवलतीचं शेवटचं वर्ष म्हणून सोडून दिलं.

* * *

श्रावणी पास झाली, पुण्यात एका जाहिरात कंपनीत लागली. महिन्याभरानं पेढे घेऊन आली. आईही बरोबर होती. बरोब्बर दोन वर्षांनी त्या दोघी मोकळ्या झाल्या होत्या.

मॅडमनी अर्धा पेढा खाल्ला आणि विचारलं, "पगार किती पडला हातात?"

"साडेअकरा हजार, मॅडम."

मॅडमचा हात पेढ्यासकट खाली आला. "मी बारा लिहीत होते."

"पाचशेचं काय एवढं, मॅडम," मी म्हटलं.

"इतकी वर्षं पाचशे रुपयांनी खोटं सांगितलं मी." त्या उठल्या आणि श्रावणीच्या आईपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "ताई, माझा आकडा चुकला होता. माफ करा."

ती बाई गोंधळून उभी राहिली. आयुष्यभर तिच्या बिड्या नापास करून बाजूला काढणारे लोकच तिनं बघितलेले. चुकलं म्हणून कुणी पुढं येऊन सांगेल ही तिला सवय नव्हती. तिनं मॅडमच्या तोंडात दुसरा पेढा घातला. एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो."

तेव्हापासून फळ्यावर साडेअकरा. आणि माझ्या नोकरीला आणखी पाचशे रुपयांनी धोका.

* * *

दत्ताचा किस्सा वेगळ्या प्रकारचा आहे. दत्ता उजनीच्या पाण्याकाठचा, घरी केळीची बाग. वडील त्याला ओढत घेऊन आले होते. फळा बघून बापानंच खर्च वाढवला, "मॅडम, ह्यात पेट्रोल धरलं न्हाय तुमी. मोबाईल धरला न्हाय." तरी त्यांची तयारी होती. "केळी लावली की वरीसभर नुसतं घालायचंच असतंय. घड मागनं येतोय."

पण दत्ता म्हणाला, "नको. मला ह्ये परवडत न्हाय." आणि निघून गेला. त्यानं गावी जाऊन पाण्यातल्या मोटरी दुरुस्त करायचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. मोटर का जळते, वायर कुठली कुठं जोडायची. वर्षभरात एवढे लोक बघू लागले की त्याची महिन्याची कमाई माझ्या वर्षाच्या तासांना मागं टाकून गेली. मला विचाराल तर हेवा वाटला. खरं कशाला लपवू?

मग एका दुपारी तो मोटरसायकलवरून आला, चेहरा उतरलेला. मॅडमपुढं उभा राहिला.

"मॅडम, एका व्हिडिओत मी वायर उलटी सांगितली. टेंभुर्णीकडल्या एकाची मोटर जळली. मी त्याला नवी घेऊन दिली."

"मग?"

"अजून किती जनांनी तो बघितला आसंल. तो काढून टाकला तर चूक लपवल्यागत हुतंय. ठेवला तर आनखी कुनाची जळंल. तुमच्या कोर्सात ह्ये शिकवत्यात का? चुकल्यावर काय करायचं?"

मॅडमनी त्याला बाकावर बसवलं आणि दोन तास शिकवलं. चूक जेवढ्या मोठ्यानं सांगितली तेवढ्याच मोठ्यानं दुरुस्ती सांगायची. त्याच ठिकाणी सांगायची. आधी चूक सांगायची, मग कारण, आणि कारण सांगताना स्वतःची बाजू घ्यायची नाही. त्यांनी त्याच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा आम्ही आमच्या वाकड्या ट्रायपॉडवर कॅमेरा लावून ते चित्रित करून दिलं.

निघताना दत्तानं पाकीट काढलं. "ह्या दोन तासाचे किती?"

मॅडम फळ्याकडे गेल्या. खडू हातात घेतला, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग खडू परत ठेवला.

"याचा आकडा मला अजून सापडलेला नाही," त्या म्हणाल्या. "सापडला की कळवते."

दत्ता अजून दर महिन्याला फोन करून विचारतो, सापडला का.

* * *

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही.

गेल्या वर्षी प्रवेश झाले अकरा. पंधराला चार कमी, आणि सवलतीचं वर्ष तर आधीच वापरून झालेलं. संस्थेचे सचिव आणि दोन सदस्य कोर्स बंद करायचा कागद घेऊनच आले. मीटिंग आमच्या वर्गात भरली. ते तिघे पोरांच्या बाकांवर बसले, मी मागं भिंतीला टेकून उभा. माझ्या कर्जाचे सात हप्ते राहिले होते. दाराबाहेर इरण्णा मामा कानडीत काहीतरी पुटपुटत होते.

"मॅडम, बोलायचं काही उरलंय का?" सचिव म्हणाले.

"बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. "मांडते."

त्यांनी फळा दोन भागांत केला. डावीकडे येणारी फी, दोन्ही वर्षांची. उजवीकडे जाणारे पैसे. पहिली ओळ, विभागप्रमुखांचा पगार, पाच लाख चाळीस हजार. दुसरी, तासिका. तिथं त्यांनी कंसात माझं नाव लिहिलं. मग मामांचा पगार, वीज, परीक्षा, इमारतीचा वाटा. शेवटी बेरीज. तोटा चार लाख पाच हजार. त्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

"तुमच्याच हातानं सिद्ध झालं," सचिव म्हणाले, आणि त्यांनी कागदावर सही करायला पेनाचं टोपण काढलं.

मॅडमनी डस्टर शोधला, तो सापडला नाही. मग त्यांनी हात वर केला. माझी नजर माझ्या नावावर होती. तिथूनच सुरुवात होणार हे मला माहीत होतं, कारण हिशोबात तेच सोपं असतं.

त्यांनी तळहातानं पहिली ओळ पुसली.

 मॅडमच्या नोकरीची अजून सहा वर्षं बाकी होती. त्यांनी खडूनं खाली नवी ओळ लिहिली, तासिका, बिराजदार, एक लाख सव्वीस हजार. मग खडू माझ्यापुढं धरला.

"माने सर, बेरीज करा."

मी पुढं गेलो. मला एवढी साधी बेरीज दोनदा करावी लागली. नऊ हजार उरत होते.

"नऊ हजार शिल्लक," मॅडम म्हणाल्या. "ट्रायपॉड येईल."

सचिवांच्या हातात टोपण तसंच होतं. "मॅडम, तासाचा दर काय आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"पाठ आहे," त्या म्हणाल्या. "गेली चार वर्षं मीच लिहितेय फळ्यावर."

आणि नळावर हात धुवायला गेल्या.

कागद सहीशिवायच परत गेला. या जूनमध्ये पहिला प्रवेश आला तो मंद्रूपकडून, एक मुलगी आणि तिचे वडील. मॅडमनी पद सोडल्यावर विभागाचा कार्यभार आता कागदोपत्री माझ्याकडे आहे, त्यामुळे खडूही माझ्या हातात. मी सगळं मांडलं. फी, मेस, हप्ता, साडेअकरा हजार. माझं चौतीस गुणिले साडेतीनशेही मांडलं. वडिलांनी सगळं वाचलं आणि मागच्या बाकाकडे मान वळवली. तिथं नव्या ट्रायपॉडशेजारी बिराजदार मॅडम पेपर तपासत बसल्या होत्या.

"आन् त्या बाई कोन? त्या बी ह्येच शिकल्यात?"

मी खडू धरून तसाच उभा राहिलो.

"लिहा की, सर," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "पूर्ण लिहा. आधीचा आकडा पण, आत्ताचा पण."

मी दोन्ही लिहिले, एकाखाली एक. मुलगी उठून फळ्याजवळ आली. तिनं ते दोन आकडे वाचले, मागं वळून मॅडमकडे बघितलं, पुन्हा आकडे वाचले. मग टेबलावरचा फॉर्म उचलून बापाच्या खिशाकडे हात केला.

"आप्पा, पेन द्या."